फादर आंरी दिदों : क्रीडांगणावर सुवार्ता नेणारे धर्मगुरू

धर्मग्रामाच्या जयंतीची स्मरणिका हाती घेतली म्हणजे वाचकांची दृष्टी प्रथम देवालयाकडे, वेदीकडे व मागील पिढ्यांच्या धर्मगुरूंच्या नामावळीकडे वळते, आणि ते उचितच आहे. परंतु देवालयाच्या आवाराला लागून बहुधा एक शाळा असते आणि शाळेपुढे एक मोकळे मैदान असते. त्या मैदानाला स्मरणिकेत सहसा पान मिळत नाही. संध्याकाळी मुले तेथे धावतात, चेंडूमागे पळतात, पडतात, उठतात, भांडतात, पुन्हा एक होतात आणि आंजेलसची घंटा झाली की पांगतात. हे मैदान धर्मकार्याच्या सीमेत येते की सीमेबाहेर? तेथे मुलांबरोबर उभा राहणारा शिक्षक किंवा धर्मगुरू प्रभूची सेवा करीत असतो की केवळ वेळ दवडीत असतो? पुष्कळ भाविक पालकांच्या मनात हा प्रश्न अधूनमधून डोकावतो. पुस्तक टाकून मुलगा खेळाला गेला की तो वाया गेला, ही समजूत आपल्यांतून अजूनही अगदीच नाहीशी झालेली नाही.

या प्रश्नाला फ्रान्स देशातील एका डॉमिनिकन धर्मगुरूने आपल्या जीवितकार्याने उत्तर दिले. त्यांचे नाव फादर आंरी दिदों. आपल्या हयातीत ते उपदेशक व ग्रंथकार म्हणून देशभर गाजले. आज त्यांचे नाव आपल्याकडे थोड्यांच्याच कानांवर असेल. पण आपल्या शाळेतील मुलांस त्यांनी दिलेले तीन लॅटिन शब्द मात्र पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र जाऊन पोहोचले आहेत. सिटियस, आल्टियस, फॉर्टियस, म्हणजे अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बळाने, हे ऑलिंपिक सामन्यांचे ब्रीद मुळात एका ख्रिस्ती शाळेचे ब्रीद होते. ते कोणा सेनापतीने अगर राजाने रचलेले नसून विद्यार्थ्यांच्या आत्म्यांची जबाबदारी शिरावर घेतलेल्या एका संन्याशाने त्यांच्यापुढे ठेवले होते. त्या संन्याशाचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगणार आहोत. त्यात त्यांचे थोर गुण येतील, तसा त्यांचा एक मोठा दोषही येईल. कारण खेळाच्या मैदानावर मुले घडविणाऱ्यांना त्या दोषापासूनही शिकण्यासारखे आहे.

बालपण व पाचारण

आंरी दिदों यांचा जन्म १७ मार्च १८४० रोजी फ्रान्सच्या आग्नेय भागातील इझेर जिल्ह्यात, आल्प्स पर्वताच्या सावलीत वसलेल्या ल तुवे या गावी झाला. लहानपणीच त्यांस ग्रनोबल शहराजवळील रोंदो येथील धाकट्या सेमिनरीत शिकावयास ठेवण्यात आले. या सेमिनरीची एक प्रथा मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८३२ पासून तेथील विद्यार्थी दर लीप वर्षी आपले स्वतःचे ऑलिंपिक सामने भरवीत असत. ज्यांनी पुढे जगभरचे ऑलिंपिक सामने सुरू केले त्या कुबर्टिन यांचा जन्म १८६३ चा. त्याच्या एकतीस वर्षे आधी एका डोंगराळ प्रांतातील सेमिनरीची मुले प्राचीन ग्रीकांच्या नावाने धावत होती, उड्या मारीत होती, आणि हे सर्व गुरुजनांच्या संमतीने चालले होते. बालक आंरी या सामन्यांत उतरला. प्रार्थना व क्रीडा एकाच दिवसात, एकाच अंगणात नांदू शकतात, हा पाठ त्यास ग्रंथांतून शोधावा लागला नाही. तो त्याच्या अंगात लहानपणीच मुरला.

त्या काळी फ्रान्समध्ये फादर लाकोर्देर यांच्या नावाचा मोठा दबदबा होता. फ्रेंच राज्यक्रांतीत संन्यासी संघ मोडून टाकण्यात आले होते. लाकोर्देर यांनी डॉमिनिकन संघाची त्या देशात पुन्हा प्रतिष्ठापना केली, आणि पॅरिसच्या नोत्र दाम महादेवालयातील त्यांच्या प्रवचनांनी शिकलेल्या तरुणांची मने धर्माकडे वळविली. धर्म व स्वातंत्र्य ही परस्परांची वैरी नव्हेत, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या तेजाने ओढला जाऊन आंरी दिदों १८५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, फ्लाव्हिन्यी येथील डॉमिनिकन मठात दाखल झाला. पुढील विद्याभ्यास रोम येथे झाला व १८६२ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. लाकोर्देर त्याच्या आदल्याच वर्षी दिवंगत झाले होते. शिष्याने गुरूचा वारसा दोन्ही अंगांनी पुढे चालविला. प्रवचनपीठ हे एक अंग. शाळा हे दुसरे. कारण स्वतः लाकोर्देर यांनीही आयुष्याची शेवटची वर्षे सोरेझ येथील शाळेचे प्रमुख म्हणून मुलांच्या सहवासातच घालविली होती.

उपदेशक आणि आज्ञापालन

फादर दिदों यांची वाणी ओजस्वी होती आणि बांधा भक्कम होता. काही वर्षे अध्यापन केल्यावर ते प्रवचनकार्यात शिरले व अल्पावधीत नावारूपास आले. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा सैनिकांचे धर्मगुरू म्हणून त्यांनी सेवा केली. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिसमधील बंडाच्या वेळी तेथील आर्चबिशप दार्बोआ यांचा वध करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ नान्सी येथे झालेल्या विधीत मृत्युप्रवचन करण्याचे काम फादर दिदों यांच्याकडे आले.

१८७९ साली फ्रान्समध्ये घटस्फोटाच्या कायद्याची चर्चा ऐन भरात होती. फादर दिदों यांनी पॅरिसमध्ये विवाहबंधनाच्या अभेद्यतेवर प्रवचने सुरू केली. शिकवण ख्रिस्तसभेचीच होती. परंतु मांडणी वरिष्ठांस फार धीट वाटली व ती प्रवचनमाला मध्येच थांबली. पुढील वर्षीच्या प्रवचनांवरूनही कुरबूर झाली. अखेर १८८० मध्ये संघप्रमुखांनी त्यांस कॉर्सिका बेटावरील कोर्बारा या दूरच्या मठात पाठविले. ज्या माणसाच्या शब्दासाठी पॅरिसची देवालये भरून जात, त्याने आता डोंगरातल्या मठात मौन धरून बसावयाचे होते. संघ सोडावा, वृत्तपत्रांतून दाद मागावी, असे मार्ग त्यांस मोकळे होते आणि बाहेरच्या काही लोकांची तशी अपेक्षाही असावी. त्यांनी त्यांतले काही केले नाही. सुमारे दीड वर्ष ते तेथे राहिले, अभ्यास केला, प्रार्थना केली आणि आज्ञा पाळली.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगितला. खेळाडूला शिस्त शिकविणाऱ्या माणसाने स्वतः शिस्त भोगलेली असली पाहिजे. पंचाचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला असता मैदान सोडून न जाणे, हे शिक्षण फादर दिदों पुढे मुलांस देऊ शकले, त्याचे मूळ कोर्बाराच्या त्या अबोल महिन्यांत होते असे आम्हांस वाटते.

कॉर्सिकाहून परतल्यावर त्यांनी जर्मनीतील विद्यापीठे पाहिली आणि १८८४ साली त्या देशाविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पराभूत फ्रान्सने शत्रूचा केवळ द्वेष न करता त्याच्या विद्यापीठांपासून शिकावे, या दृष्टीचे ते पुस्तक होते. नंतर त्यांनी पवित्र भूमीची यात्रा केली व अनेक वर्षांच्या परिश्रमाने प्रभू येशू ख्रिस्ताचे दोन खंडांचे चरित्र लिहून १८९० साली प्रकाशात आणले. रनाँ या लेखकाने १८६३ साली येशूचे देवत्व नाकारणारे चरित्र लिहून खळबळ उडविली होती. फादर दिदों यांचा ग्रंथ हे त्याला श्रद्धावंताचे उत्तर म्हणून वाचले गेले. ग्रंथाचा खप विलक्षण झाला व अनेक भाषांत त्याची भाषांतरे निघाली.

आर्क्यूयची शाळा

कीर्तीच्या या शिखरावर असतानाच, १८९० साली, त्यांच्यावर पॅरिसजवळील आर्क्यूय येथील आल्बेर ल ग्रां, म्हणजे महान आल्बर्ट, या डॉमिनिकन शाळेची धुरा आली. ही शाळा १८६३ साली फादर काप्तिए यांनी स्थापिली होती. तिच्या मातीत रक्तही सांडलेले होते असे म्हटल्यास चूक होणार नाही. कारण २५ मे १८७१ रोजी, पॅरिसच्या बंडाच्या अखेरच्या दिवसांत, फादर काप्तिए, त्यांचे चार डॉमिनिकन सहकारी व शाळेतील काही नोकर यांस बंडखोरांनी पॅरिसच्या रस्त्यावर गोळ्या घालून ठार केले होते. अशा शाळेची मुले म्हणजे हुतात्म्यांचा ठेवा. तो ठेवा पन्नाशीत आलेल्या, जगप्रसिद्ध झालेल्या उपदेशकाने स्वीकारला. मोठ्या श्रोतृसमुदायाकडून तो थोड्या मुलांकडे आला, हा आमच्या मते त्याच्या चरित्रातील सर्वांत सुंदर भाग होय.

तत्कालीन फ्रेंच वसतिशाळांची स्थिती कशी होती, हे जाणल्याखेरीज त्यांच्या कार्याचे मोल कळावयाचे नाही. तासन्‌तास बाकावर बसणे, डोक्यावर सतत पहारेकरी शिक्षक, मधल्या सुटीत भिंतींनी वेढलेल्या अंगणात रेंगाळणे, असा दिनक्रम सर्वत्र असे. मुलांवर विश्वास टाकण्यापेक्षा त्यांच्यावर नजर ठेवणे अधिक सुरक्षित मानले जाई. १८७० च्या पराभवानंतर देशातील विचारवंत माणसे या पद्धतीकडे शंकेने पाहू लागली. त्यांतच बॅरन पिअर द कुबर्टिन हा तरुण होता. इंग्लंडमधील शाळा पाहून त्याची अशी खात्री झाली होती की, मुलांनी स्वतः चालविलेल्या मैदानी खेळांतून जबाबदार माणसे निर्माण होतात. शाळाशाळांतून क्रीडासंघ उभारण्याची खटपट तो करीत होता.

१८९१ च्या जानेवारीच्या आरंभी कुबर्टिन आर्क्यूय येथे फादर दिदों यांच्या भेटीस गेला. त्या वेळी फ्रान्समध्ये सरकार व ख्रिस्तसभा यांच्यात शाळांच्या प्रश्नावरून तीव्र वैमनस्य होते. सरकारी शाळा एका बाजूस, धर्मसंघांच्या शाळा दुसऱ्या बाजूस. दोहोंच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, अशी जणू रीतच पडली होती. कुबर्टिनची इच्छा ही की, या दोन्ही बाजूंच्या मुलांनी निदान क्रीडांगणावर तरी समोरासमोर यावे. दुसरा एखादा मुख्याध्यापक असता तर त्याने विचार करण्यास मुदत मागितली असती. फादर दिदों यांनी मागितली नाही. त्या एकाच भेटीत शाळेचा क्रीडासंघ स्थापण्याचे ठरून गेले.

७ मार्च १८९१ रोजी शाळेचा क्रीडामेळावा भरला. मुलांसमोर बोलताना फादर दिदों यांनी तीन लॅटिन शब्द संघाचे ब्रीद म्हणून त्यांच्यापुढे ठेवले: सिटियस, आल्टियस, फॉर्टियस. ते ऐकून कुबर्टिनच्या मनावर कायमचा ठसा उमटला. जून १८९४ मध्ये पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात परिषद भरवून त्याने ऑलिंपिक सामन्यांचे पुनरुज्जीवन घडविले, तेव्हा हेच तीन शब्द त्या चळवळीचे ब्रीद झाले. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेही याच ब्रीदाच्या छत्राखाली. आर्क्यूयच्या शाळेतील मुलांस सांगितलेले शब्द कृष्णाकाठच्या मल्लापर्यंत असे येऊन पोहोचले.

खेळ हे धर्मकार्य कसे?

या तीन शब्दांचा अर्थ केवळ घड्याळात व फूटपट्टीत मोजावयाचा असता तर ते ब्रीद सांगण्यास धर्मगुरूची गरज नव्हती. आम्ही त्यांचा अर्थ असा समजतो: अधिक वेगाने धावावयाचे ते शरीराबरोबर बुद्धीने, आळस झटकून, अधिक उंच जावयाचे ते आत्म्याने, परमेश्वराकडे, आणि अधिक बळ मिळवावयाचे ते चारित्र्याचे, मोहाशी झुंजण्याचे. शरीर, बुद्धी व आत्मा यांचे तीन वेगळे विद्यार्थी शाळेत येत नाहीत. एकच मूल येते आणि ते सगळेच्या सगळे प्रभूचे असते.

यात नवे काहीच नव्हते. ज्या महान आल्बर्टचे नाव शाळेला होते, त्यांचे शिष्य संत थॉमस अक्वायनस यांनी सहा शतकांपूर्वीच शिकविले होते की, मनुष्य म्हणजे देहाच्या पिंजऱ्यात अडकलेला आत्मा नव्हे. देह व आत्मा मिळून एक मनुष्य होतो. श्रमलेल्या मनाला खेळाची विश्रांती लागते आणि खेळातही योग्य मर्यादा राखणे हा एक सद्गुण आहे, असेही ते आपल्या महाग्रंथात सांगून गेले. त्याहूनही मागे जाऊन पाहिले तर संत पौलांनी करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा व मुष्टियुद्ध करणाऱ्यांचा दाखला दिला आहे: ते नाशवंत मुकुटासाठी सर्व गोष्टींत संयम पाळतात, मग अविनाशी मुकुटासाठी आपण किती पाळावा! करिंथ शहराजवळ इस्थमसचे सामने भरत असत, हे तेथील लोकांस ठाऊकच होते. तेव्हा क्रीडांगणावरून धर्म शिकविणारा पहिला गुरू फादर दिदों नव्हेत, साक्षात प्रेषित होय.

या शिकवणीला फादर दिदों यांनी शाळेच्या वेळापत्रकात जागा दिली, हे त्यांचे कर्तृत्व. क्रीडासंघाचा भार त्यांनी विद्यार्थ्यांवरच सोपविला. ज्याच्या हाती काही सोपविलेले नाही त्याला विश्वास राखणे शिकविता येत नाही, हे मर्म त्यांनी ओळखले होते. मैदानावर मुलगा आपले खरे रूप लपवू शकत नाही. वर्गात गप्प बसणारा लबाड व वर्गात चुळबूळ करणारा प्रामाणिक, या दोघांची ओळख खेळात क्षणात पटते. हरल्यावर प्रतिपक्षाशी हात मिळविणे, दमल्यावर आणखी एक फेरी पुरी करणे, नियम मोडण्याची संधी असता तो न मोडणे: हे सर्व पाठ पापनिवेदनाच्या आसनाजवळ जे शिकविले जाते त्याचेच प्रात्यक्षिक आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की, क्रीडांगणावर उभा राहणारा धर्मगुरू वेदीपासून दूर गेलेला नसतो.

अथेन्सची यात्रा

१८९६ च्या एप्रिलमध्ये अथेन्स येथे आधुनिक काळातील पहिले ऑलिंपिक सामने भरले. फादर दिदों आपल्या विद्यार्थ्यांचा एक मेळा घेऊन ग्रीस देशी गेले. त्या वर्षी एक मोठा योग जुळून आला होता. पाश्चात्त्य व पौर्वात्य ख्रिस्तसभांचा ईस्टरचा सण बहुतेक वेगवेगळ्या दिवशी येतो. पण १८९६ साली तो दोघांचाही ५ एप्रिल रोजीच आला, व दुसऱ्याच दिवशी, ईस्टरच्या सोमवारी, सामन्यांस आरंभ झाला. ईस्टरच्या दिवशी अथेन्समधील संत दियोनिसियस यांच्या कॅथलिक महादेवालयात फादर दिदों यांनी मिस्सा अर्पण करून प्रवचन केले. हे दियोनिसियस म्हणजे अरीयपग टेकडीवर संत पौलांचे भाषण ऐकून विश्वास ठेवणारा अथेन्सकर. ज्या नगरीत प्रेषिताने पुनरुत्थानाचे नाव काढताच काहींनी थट्टा केली, त्याच नगरीत देहाच्या पुनरुत्थानाचा सण साजरा करून दुसऱ्या दिवशी देहाच्या बळाचा सोहळा पाहावयास मुले गेली. याहून समर्पक धर्मशिक्षण कोणत्या वर्गात देता आले असते?

१८९७ साली ल हाव्र या बंदराच्या शहरी ऑलिंपिक परिषद भरली. तेथे फादर दिदों यांनी मैदानी खेळांच्या नैतिक परिणामांवर व्याख्यान दिले. खेळ हा शरीराचा व्यायाम तर आहेच, पण तो चारित्र्याची शाळा आहे, हा विचार तेथे त्यांनी निरनिराळ्या देशांच्या व धर्मांच्या श्रोत्यांपुढे ठेवला. झगा घातलेला संन्यासी क्रीडापटूंच्या परिषदेत बोलतो, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती.

बळाची मर्यादा

आता त्यांच्या जीवनातील दुःखद भागाकडे आम्हांस वळले पाहिजे. १८९४ च्या डिसेंबरात आल्फ्रेड ड्रेफस नावाच्या यहुदी सैनिकी अधिकाऱ्यास देशद्रोहाच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले व दूरच्या सैतानी बेटावर पाठविले. तो निर्दोष होता. १८९८ साली पुनर्विचाराची मागणी जोर धरू लागली तेव्हा सारा फ्रान्स दुभंगला. आणि आम्हांस खेदाने लिहावे लागते की, पुष्कळ कॅथलिक लोक त्या निरपराध माणसाच्या विरुद्ध पक्षात उभे राहिले.

१९ जुलै १८९८ रोजी आर्क्यूयच्या शाळेचा बक्षीससमारंभ होता. अध्यक्षस्थानी जनरल जामों हे मोठे सेनाधिकारी होते. फादर दिदों यांनी राष्ट्रातील सैनिकी वृत्ती या विषयावर भाषण केले. सैन्यावर टीका करणाऱ्या विद्वानांवर त्यांनी कठोर प्रहार केले, आणि मन वळविण्याचे उपाय खुंटले असता बळाचा अवलंब करण्यास कचरू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. देशभर गदारोळ उठला. दीडच महिन्यात, ऑगस्टच्या अखेरीस, ड्रेफसविरुद्धचा एक मुख्य कागद बनावट असल्याचे उघडकीस आले. पुढे १२ जुलै १९०६ रोजी ड्रेफसला पूर्णपणे निर्दोष ठरविण्यात आले. ते पाहावयास फादर दिदों हयात नव्हते.

ज्याने सरकारी व धर्मसंघीय शाळांची मुले एका मैदानावर यावी म्हणून पुढाकार घेतला, त्याच माणसाने मुलांच्याच समोर, एका निरपराध्याच्या न्यायाचा प्रश्न देशापुढे असता, बळाचे गोडवे गावे, हे पाहून मन खिन्न होते. आम्ही त्यावर पांघरूण घालू इच्छीत नाही. ज्या आज्ञाधारक संन्याशाने कोर्बारा येथे स्वतःवर जय मिळविला होता, त्यास जयघोषाच्या गर्दीत बळ व न्याय यांतील भेद दिसला नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अधिक बळ हे ब्रीद एकटे पुरे पडत नाही. बळाला प्रीतीचा लगाम नसेल, तर क्रीडांगणावरचा उत्साह पाहता पाहता दुर्बळावरील जुलुमाचा सोबती होतो. आपल्या बाजूचा जयजयकार करणे सोपे. आपल्या बाजूची चूक असता खेळ थांबवून ती कबूल करणे, ही खरी मर्दुमकी. शाळेतील मुलाला पंचाने न पाहिलेली स्वतःची चूक सांगावयास शिकविणे हे क्रीडाशिक्षणाचे शिखर आहे. आणि फादर दिदों यांच्याच शिकवणीच्या मापाने मोजले तर त्या दिवशी ते स्वतः कमी उतरले.

अखेर व वारसा

१३ मार्च १९०० रोजी तुलूज येथे फादर आंरी दिदों यांचा अंत झाला. साठ वर्षे पुरी होण्यास चारच दिवस उरले होते. दोन महिन्यांनी पॅरिस येथे दुसऱ्या ऑलिंपिक सामन्यांस प्रारंभ झाला. आपल्याच देशातील तो सोहळा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९०४ साली फ्रान्समध्ये धर्मसंघांस शाळा चालविण्याची बंदी करणारा कायदा झाला व आर्क्यूयच्या डॉमिनिकन शाळेलाही त्यानंतर टिकाव धरता आला नाही. इमारत गेली, संघ गेला, शब्द उरले.

बी मात्र वाया गेले नाही. पोप दहावे पायस यांनी आपल्या कारकिर्दीत खुद्द व्हॅटिकनच्या अंगणात तरुण व्यायामपटूंचे मेळावे भरू दिले. २०१८ साली पवित्र पीठाच्या एका विभागाने खेळाविषयीच्या ख्रिस्ती दृष्टीवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. आणि २० जुलै २०२१ रोजी, टोकियो येथील सामन्यांच्या तोंडावर, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फादर दिदों यांच्या तीन शब्दांना चौथ्या शब्दाची जोड दिली: कम्युनिटर, म्हणजे एकत्र, सर्वांनी मिळून. समितीने तो आपल्या कारणांसाठी घातला असेल. आम्हां ख्रिस्ती लोकांस मात्र त्यात १८९८ च्या त्या दिवशी जे विसरले गेले त्याची भरपाई दिसते. वेग, उंची व बळ ही एकट्याची असू शकतात. सोबत्याला बरोबर घेणे, परक्याला आपला मानणे, पडलेल्यासाठी थांबणे, हे एकट्याने होत नाही.

प्रिय वाचकहो, जयंतीच्या या वर्षी आपण देवालयाची डागडुजी कराल, वेदी सजवाल, गतकालीन धर्मगुरूंचे स्मरण कराल. त्याबरोबर शाळेच्या मैदानाकडेही एक नजर टाकावी, एवढीच आमची विनंती आहे. तेथे शिट्टी घेऊन उन्हात उभ्या राहणाऱ्या शिक्षकास, मुलांबरोबर धावून झग्याला माती लावून घेणाऱ्या धर्मगुरूस, संघातील दुबळ्या मुलालाही खेळावयास जागा देणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यास, आपण प्रभूचे मजूर मानावे. आपल्या मुलांनी वेगाने धावावे, उंच उडी मारावी, बळकट व्हावे. पण घरी परत आल्यावर त्यांस कोण जिंकले हे विचारण्यापूर्वी, आज कोणाला हात दिलास, हे आईबापांनी विचारावे. असा प्रश्न ज्या घरांतून विचारला जाईल त्या घरांची मुले मैदानावरूनही परमेश्वराच्या राज्याकडेच धावतील, आणि त्या शर्यतीत मागे राहिलेल्यास सोडून कोणी पुढे जाणार नाही.